हद्द बदलली तेव्हाची कबड्डी

मी कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळलो आहे, असं सांगितलं की घरातली पोरं आधी माझ्या पोटाकडं बघतात. बघू द्या. पोट तेव्हाही होतंच. मला संघात घेतलं ते खेळ बघून नव्हे, सातवा माणूस मिळत नव्हता म्हणून. तो का मिळत नव्हता, हे सांगायला लागलो की मात्र हसणं जरा बाजूला ठेवावं लागतं.

निलंग्याच्या आमच्या कॉलेजचा संघ म्हणजे दादा. माझा चुलतभाऊ. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होता, आणि घरच्यांच्या मते जरा जास्तच दिवस होता. ताकदीनं तो कुणाला ओढून नेत नसे. समोरच्याला पुढं काय सुचणार, हे त्याला आधी कळायचं. ते कसं कळायचं, याचं उत्तर आमच्या भागातल्या एका रिवाजात होतं.

आमच्या गटात चार-पाच कॉलेजं होती, काही अलीकडची, काही हद्दीपलीकडची, उस्मानाबाद जिल्ह्यातली. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पाहुणा संघ आला की यजमान पोरं एकेकाला आपापल्या घरी जेवायला न्यायची. ज्यानं उद्या ज्याला धरायचं, त्यानं त्याला आज जेवू घालायचं. पाहुण्यानं घरच्या बाईसाठी ओल्या शेंगांचं गाठोडं न्यायचं. दादा पलीकडच्या संघांतल्या सगळ्यांच्या घरी जेवलेला. कुणाचा गुडघा दुखतो, कोण चिडला की आंधळा होतो, कोण घाबरला की हसतो, हे सगळं त्याला त्या चुलींपुढं बसून कळलेलं. पलीकडच्या एकाची आई तर म्हणायची, "माझ्या लेकाला पाडतोस ते पाड बाबा, पण जेवायला येत जा."

भूकंपाच्या आदल्या साली दादा विद्यापीठाच्या शिबिरापर्यंत पोचला आणि राखीव म्हणून परत आला. "पुढच्या वर्षी तू नक्की," असं तिथल्या निवड समितीतल्या एका सरांनी त्याला सांगितलेलं. विद्यापीठाच्या संघातून खेळलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर उभं राहता येतं, एवढा हिशोब आमच्या घरातल्या म्हशीलासुद्धा पाठ झाला होता.

मग ती पहाट आली. आमचा डावा कोपरा सांभाळणारा पोरगा विसर्जनाला गावी गेला होता. तो परत आला नाही. त्याच्या गावात परत येण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं. पलीकडच्या संघांतलेही दोघं गेले. त्यातल्या एकाची आईही गेली, तीच, जेवायला येत जा म्हणणारी. दादा महिनाभर त्या गावांमधून दगड उचलत फिरला. त्या साली आमच्याकडं कुणी कबड्डीचं नाव काढलं नाही.

पुढच्या साली नांदेडला नवं विद्यापीठ झालं. लातूर, परभणी, नांदेड नव्यात आले आणि उस्मानाबाद जुन्यातच राहिलं. वर्तमानपत्रात फोटो आले, आमच्या गावात पेढेही वाटले गेले. मी दोन खाल्ले. आता कामासाठी औरंगाबादपर्यंत जायला नको, म्हणून सगळे खूश होते, आणि ते खरंही होतं. पण पलीकडची कॉलेजं आता आमच्याशी खेळणार नाहीत, हे पेढा खाताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. दादाच्या आलं. तो पेढा हातात धरून म्हणाला, "म्हंजी आता आमी कुणासंगं खेळायचं?"

तात्या, म्हणजे दादाचे वडील, यांना तो प्रश्न फालतू वाटला. "औंदा खेळून घे," ते म्हणाले. "विद्यापीठात लागलास तर पोलिसात जा. न्हाई तर लातूरला मामाच्या मेसवर बसायचं. पोरं ढिगानं येऊन राहिलीत तिथं. वाढायला माणूस पुरंना."

ते ढिगानं येणं आम्हाला समोर दिसत होतं. पोरगं दहावीला बरे मार्क घेऊन सुटलं की त्याची ट्रंक लातूरच्या गाडीवर चढायची. क्लास, खोली, मेस, परत क्लास. त्यातली परत येणारी फार थोडी, आणि आलेली चार पावलं चालली की चष्मा पुसणारी. आमच्या कॉलेजात उरलो ते माझ्यासारखे. डाव्या कोपऱ्यावर कुणीच मिळेना, तेव्हा दादानं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "हलू नको. नुसता उभा ऱ्हा. तुला वळसा घालायलाच त्यांना येळ लागंल."

मेलेल्या पोराच्या जागी मी उभा राहिलो. पहिले काही दिवस उजव्या कोपऱ्यावरचा मास्टर माझ्याकडं बघायचाच नाही. त्याच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान, म्हणून त्याला सगळे मास्टर म्हणायचे. एकदा सराव झाल्यावर तोच जवळ आला. "तू वाईट खेळतो, ते बरंय," तो म्हणाला. "चांगला खेळला असता ना, तर मला रडू आलं असतं."

नव्या गटातला पहिला सामना नांदेडला, विष्णुपुरीच्या वाटेवरच्या एका कॉलेजच्या मैदानावर होता. समोर धर्माबादकडचा संघ, पण यजमान तिसरंच कॉलेज. जिंकणाऱ्यांमधून विद्यापीठाचा संघ निवडणार, आणि बघायला निवड समिती येणार. दादाचं हे शेवटचं साल. आम्ही सातजण एसटीनं लातूरमार्गे निघालो. प्रत्येकाच्या मांडीवर शेंगांचं गाठोडं. डबा कुणाकडंच नव्हता. पाहुण्यानं डबा नेणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं.

दुपार कलताना पोचलो. हातपाय धुतले, केस विंचरले आणि मैदानाच्या कडेला ओळीनं बसलो. यजमान पोरं आली, वर्गाची किल्ली दिली, "सतरंज्या आत आहेत" म्हणाली आणि सायकली काढून घरी गेली. आम्ही बसून राहिलो. तिथला चौकीदार दोनदा समोरून गेला. तिसऱ्यांदा थांबला.

"किसकी राह देख रे मियाँ?"

"आमाला जेवायला न्यायला येनार हायेत," मी म्हणालो.

"कौन?"

मास्टर म्हणाला, "जिनको कल पकडना है, वो." चौकीदारानं आमच्याकडं जरा काळजीनं बघितलं आणि तो निघून गेला.

अंधार पडायला लागला तसं मी म्हणालो, "दादा, त्या फाट्यावर हॉटेल हाय."

"आन् आपण तिकडं गेलो आन् ते न्यायला आले तर? जेवून आलो म्हणायचं? तोंड कुठं लपवायचं मग?"

"ते येत न्हाईत."

"नवं हाय सगळं. येळ लागतोय."

कुणी आलं नाही. दादानं हॉटेलात जाऊ दिलं नाही. शेवटी मास्टरनं आपलं गाठोडं सोडलं. "ज्या माऊलीसाठी आणल्या होत्या," तो म्हणाला, "तिला माझा सलाम सांगा." मग सगळ्यांनीच सोडली. ओल्या शेंगा, वर पोटभर पाणी. पहिल्यांदा मजा वाटली. सकाळी कुणाला वाटली नाही.

सामन्याचं फार सांगत नाही. माझं पोट असं गुरगुरत होतं की समोरचा चढाईला आला की आधी दचकायचा. त्यावर मी एक गुण मिळवला, तो माझ्या कारकिर्दीतला एकमेव. मास्टर दोनदा मैदानाबाहेर पळाला, पंचांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पण हरलो ते शेंगांमुळं नव्हे, हे मला आता कळतं. दादा चढाईला जायचा आणि मध्येच क्षणभर थांबायचा. मी मागून बघत होतो. तो समोरच्यांच्या तोंडाकडं बघायचा, एकाकडून दुसऱ्याकडं, जसं परक्या गावात उतरलेला माणूस पत्ता विचारायला ओळखीचा चेहरा शोधतो. सात अनोळखी माणसं. त्यांच्या घरी तो कधी पाटावर बसला नव्हता. तेवढ्या क्षणात साखळी त्याच्यावर पडायची.

सामना संपल्यावर निवड समितीतले एक वयस्क सर त्याच्याजवळ आले. भला माणूस होता. "पूर्वी कुठं खेळलास?"

"जुन्या विद्यापीठाच्या शिबिरात होतो सर. राखीव. पुढच्या वर्षी नक्की म्हणाले होते."

"कोण म्हणाले होते?"

दादानं नाव सांगितलं. सरांनी ऐकलं होतं. "मोठा माणूस. पण ते तिकडं राहिले, बाळ. मला आज जे दिसलं, तेच लिहावं लागंल."

"हाव सर," दादा म्हणाला.

धर्माबादच्या संघाचा कप्तान तेवढ्यात हात मिळवायला आला. बोलता बोलता शेंगांची गोष्ट मास्टरनं त्याला सांगितली, विनोद म्हणून. तो हसला नाही. "अन्ना, काल रात्री आम्ही शेजारच्याच वर्गात होतो की," तो म्हणाला. "डबे होते आमच्याकडं. आवाज द्यायचा होता." त्यांनी उरलेला डबा सोडला. आंबट भात होता, तिखट लोणचं होतं. आम्ही तुटून पडलो. दादाही जेवला, सावकाश, शेवटचं शीत उचलून. जेवताना त्यानं त्या कप्तानाला विचारलं, "तुझा डावा खांदा कधीपासून दुखतोय?"

कप्तान चकित झाला. "तुला कसं कळलं?"

"घास घेताना उचलंना झालाय." मग दादानं पुढचा घास घेतला. "कालच कळायला पायजे होतं," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत मास्टर झोपला. मी दादाशेजारी बसलो होतो. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून बराच वेळ वाक्य जुळवत होतो, आणि जुळलं ते एवढंच, "पुढच्या साली..." दादानं माझ्याकडं बघितलं, तेव्हा मी पुढचं गिळलं. पुढचं साल माझं होतं, त्याचं नव्हतं. आणि माझंही नव्हतं. त्यानंतर आमच्या कॉलेजानं संघ पाठवलाच नाही. सात माणसं जमली नाहीत.

लातूरच्या स्टँडवर गाडी थांबली. पाठीवर दप्तरं लावलेली पोरं चारी बाजूंनी चालली होती. संध्याकाळचे क्लास सुटले असावेत. दादा उठला आणि वरून स्वतःची पिशवी काढली.

"चहा घ्यायचा का?" मी विचारलं.

"तू घे. मी हितंच उतरतोय."

"आत्ताच मेसवर? तात्यांनी काय आत्ताच सांगितलंय का? घरी जाऊन, कपडे-बिपडे घेऊन..."

"परत यायला जीव व्हायचा न्हाई," दादा म्हणाला. "घरी सांग, जेवायची सोय झाली म्हणावं."

तो उतरला आणि पोरांच्या गर्दीत शिरला. उंच होता, त्यामुळं बराच वेळ डोकं दिसत राहिलं. कंडक्टरनं दोरी ओढली.