एका थराचा पाइप

नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यांमध्ये लंकाबाईला सगळे ‘लॅगिंगवाली मावशी’ म्हणत. गरम पाइपांभोवती ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर गुंडाळायची, वरून तारेची जाळी आवळायची आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा बसवायचा, हे तिचं काम. बावीस वर्षं ती तेच करत होती. त्या लोकरीची कुसळं मनगटात, मानेत, ब्लाउजच्या आत शिरतात आणि अंगाची नुसती आग होते. पहिल्या वर्षी ती रडली होती. नंतर सवय झाली, म्हणजे रडायची थांबली एवढंच.

काम तिला देवराम मिस्त्रीनं शिकवलं. पहिल्या थराचा सांधा जिथं येतो तिथं दुसऱ्या थराचा सांधा येता कामा नये, नाहीतर ऊब तिथूनच पळते, हे त्यानं शंभरदा सांगितलं होतं. आणि काम संपलं की पत्र्यावर हाताची पालथी बाजू ठेवून बघायची. आत उकळतं पाणी असलं तरी हाताला समजता कामा नये. लंकाबाईच्या पाइपांवर हात ठेवून आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नसे, आणि याचा तिला मनातून अभिमान होता.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी ती नवी योजना आली तेव्हा तिला मनापासून आवडली. ओतकाम करणाऱ्या एका कारखान्याची भट्टी रात्रंदिवस पेटलेली, आणि तिची सगळी ऊब धुराड्यातून आभाळात जायची. त्या फुकट जाणाऱ्या उबेवर पाणी तापवून ते पाइपानं मागच्या वसाहतीतल्या सहाशे घरांना आणि शेजारच्या प्रसूतिगृहाला द्यायचं. घरोघरी गिझर नको, तेवढी वीज वाचली, तेवढा कोळसा वाचला. रस्त्याच्या कडेला हिरवा फलक लागला, त्यावर कार्बन किती टन वाचणार ते मोठ्या अक्षरात होतं.

“इतकी वर्स आपण कारखान्याचे पाइप झाकले,” ती तिच्या जोडीदारणीला, विठाबाईला म्हणाली, “आता हे बाळंतिणीच्या अंघोळीचं पानी हाय. नीट करू.”

नाल्यावरच्या पुलापर्यंत त्यांनी नीटच केलं. दोन-दोन इंचांचे दोन थर, सांधे चुकवून. पुलाच्या पलीकडे मात्र ठेकेदाराचा सुपरवायझर रविराज गाडीवरून उतरला आणि म्हणाला, “इथून पुढं एकच थर.”

“एकच? वसाहतीपर्यंत पानी कोमट व्हईल, भाऊ.”

“मावशी, तुला इंजिनिअर कुणी केलं? माल आलाय तेवढा गुंडाळ. वरून पत्रा बसला की झालं.”

लंकाबाईनं आलेला माल मोजून पाहिला. मग तिनं गुंडाळलं. नाही म्हणाली असती तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई आली असती. पण वसाहतीपर्यंतचं ते एक किलोमीटर तिनं मान वर न करता केलं, आणि पालथा हात कुठंच ठेवून बघितला नाही.

पुढच्या थंडीत पाणी सुरू झालं. वसाहतीत पोचेपर्यंत ते इतकं निवायचं, की त्यानं कपसुद्धा विसळवत नसे. पंधरा दिवसांत लोकांनी माळ्यावरचे गिझर खाली काढले. प्रसूतिगृहात पुन्हा बंब पेटला. असल्या योजना परदेशात ठीक, आपल्याकडे चालत नाहीत, असं जो तो म्हणू लागला.

जानेवारीत लंकाबाई आणि विठाबाई एका औषधाच्या कारखान्यात कामाला गेल्या, तर गेटवरच्या माणसानं यादी बघून त्यांना अडवलं. “तुमची नावं आलीत. तुम्हाला घ्यायचं नाही.”

“कसली नावं? आमी काय चोऱ्या केल्या?”

त्याला माहीत नव्हतं. पाइपाच्या कामाचंच काही असणार, म्हणून लंकाबाई तिथून थेट वसाहतीत गेली. वसाहतीच्या समितीची सचिव तेजस्विनी बँकेत नोकरीला होती. काम चालू असताना ती या बायकांना पाणी द्यायची, एवढीच ओळख. तिनं कपाटातून समितीला आलेली एका पत्राची प्रत काढली आणि वाचून दाखवली. ठेकेदारानं योजनेच्या कार्यालयाला लिहिलं होतं की आराखड्यात काही दोष नाही, साहित्यात काही दोष नाही. ‘अकुशल महिला कामगारांनी निष्काळजीपणे आवरण बसवल्यामुळे’ उष्णता वाया जाते. खाली सात बायकांची नावं. पहिलं लंकाबाईचं. हीच यादी कारखान्यांच्या गेटवर पोचली होती.

“अकुशल म्हंजी?” तिनं विचारलं.

“म्हणजे... काम न येणारी,” तेजस्विनी अवघडून म्हणाली.

लंकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम न येणारी! बावीस वर्षं अंगात काच भरून घेतली ती काम न येता? आणि ज्यानं अर्धा माल गिळला, त्याच्या साहित्यात दोष नाही?

“ताई, आत्ता चला माझ्यासंगं,” ती म्हणाली. “पाइप बघायला.”

सकाळचे आठ वाजले होते. बोचरी थंडी होती. पुलाच्या अलीकडे पाइप गारठलेला, पत्र्यावर दव साचलेलं. पुलाच्या पलीकडे मात्र पाइपाला लागून चार कुत्री वेटोळी करून झोपली होती, आणि झोपड्यांतल्या बायकांनी पाइपावर धुणं वाळत घातलं होतं. लंगोट, टॉवेल, शाळेचा गणवेश.

“हात लावा,” लंकाबाई म्हणाली.

तेजस्विनीनं लावला. पत्रा चांगला गरम होता.

“घरात जायची ऊब हितं धुणं वाळवतीय. एकच थर हाय. मीच गुंडाळलाय, खोटं कशाला बोलू? पन कुनाच्या सांगन्यावरनं, ते लिवलं का त्यांनी?”

आठवडाभरानं तेजस्विनीनं सगळ्यांना पुलावर बोलावलं. योजनेच्या कार्यालयातले इंजिनिअर बुद्धभूषण साहेब आले, रविराज आला, वसाहतीतली पाच-पन्नास माणसं जमली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “बाई, हा तांत्रिक विषय आहे, तुम्ही जरा बाजूला थांबा.” लंकाबाई बाजूला झाली नाही. तिनं कात्री घेतली, रिबिटा तोडल्या आणि पत्रा उघडला. आत एकच थर होता. मग पुलाच्या अलीकडचा पत्रा उघडला. तिथं दोन थर, जसे गुंडाळले तसे.

बुद्धभूषण साहेबांनी रविराजकडे पाहिलं. रविराज क्षणभर गडबडला आणि मग हसला.

“साहेब, आम्ही दोन्ही थरांचा माल दिला होता. या बायका बाहेर विकतात. सगळीकडे हेच चालतं.”

जमलेल्यांत कुजबुज झाली. दोघं-तिघं मागं सरकले. विठाबाईनं पदर तोंडाला लावला. घामाला चोरी म्हणायचं, तेही चारचौघांत, आणि माणसांनी ते लगेच खरं मानायचं!

“टेप हाय का कुनाकडं?” तिनं विचारलं.

साहेबांनी खिशातून टेप काढला.

“दोन थरावरचा पत्रा मोजा. आता एक थरावरचा मोजा.”

साहेबांनी मोजलं. दुसऱ्या पत्र्याचा घेर फूटभर कमी होता.

“पत्रा आमी घरी कापत नाय, साहेब. मापानं कापून, गोल करून यांच्या वर्कशॉपातनं येतो. मी एक थर चोरला असता तर हा पत्रा ढिला लोंबला असता. हा घट्ट बसलाय. म्हंजी पत्रा कापतानाच यांना ठावं व्हतं, आत एकच थर जानार. इचारा त्यांना, वर्कशॉप माझं हाय का त्यांचं?”

रविराजनं मोबाइल काढला आणि बोलत बोलत गाडीकडे गेला. मघाचे गृहस्थ पुढं येऊन स्वतः टेप लावून बघू लागले.

ठेकेदाराला काम पुन्हा करावं लागलं. तेजस्विनीनं पाइपाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवले. त्याच कामासाठी लंकाबाईला बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, “आधी आमच्या नावाचं पत्र मागं घ्या, मग हात लावते.” विठाबाईला धीर धरवत नव्हता, घर कसं चालायचं म्हणून ती रोज भांडायची, पण सातही जणी एक महिना घरी बसल्या. शेवटी ते मागं घेतल्याचं पत्र आलं. पुलापलीकडचा पाइप त्यांनी दोन थरांनी झाकला, आणि यंदाच्या थंडीत पहिल्यांदा प्रसूतिगृहातल्या नळाला वाफाळतं पाणी आलं.

पण ते पत्र तेजस्विनीनं वाचून दाखवलं तेव्हा लंकाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं. ‘संबंधित महिला कामगारांची चूक आढळून आली नाही.’ बस्स, एवढंच.

“मग चूक कुनाची? पाइपाची?”

रविराज आता नाशिक रोडच्या एका कामावर सुपरवायझर आहे. ठेकेदाराचं नाव हिरव्या फलकावर आहे तसंच आहे. बुद्धभूषण साहेब भला माणूस, पण वर पाठवलंय, उत्तर आलं की कळवतो, यापलीकडे त्यांच्याकडे शब्द नाहीत. लंकाबाई दर सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या कार्यालयात जाते. शिपाई आता तिला अडवत नाही. ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहते आणि विचारते, “चूक कुनाची ते लिवलं का?” साहेब नकारार्थी मान हलवतात. “बरं,” ती म्हणते, “पुढच्या सोमवारी येते.”