वहिनींचे करीमभाऊ

आमच्या शेजारच्या वहिनींचा निरोप ज्याने एकदा पोचवला, तो माणूस भिलाईत पुन्हा सरळ रस्त्याने चालला नाही. मी तर अजून गोंधळलेलीच आहे बाई!

माणसाला त्याच्या धंद्यावरून ओळखायचं नाही, हा त्यांचा हट्ट. "नाव आहे ना वो त्याले! मग शिंपी कावून म्हणाचं?" आता शिंपी करीमभाऊ, सायकलवाले करीमभाऊ, दूधवालेही करीमभाऊ. त्यात मरोद्याचा बसथांबा आणि कोहक्याचा नाका, दोन्हींना कुण्या जुन्या करीम पानवाल्यांमुळे लोक करीम चौकच म्हणत. वहिनी फक्त "करीमभाऊकडे देऊन या" म्हणायच्या आणि पोळ्या लाटायला बसायच्या. ब्लाउजचं कापड सायकलच्या दुकानात जायचं. एकदा पंक्चरची ट्यूब शिंप्याकडे गेली, तर त्या भल्या माणसाने ती धुऊन, घडी घालून परत पाठवली.

मग त्यांच्या मुलीला पाहायला नागपूरचे पाहुणे यायचे ठरले. आधीचं एक स्थळ मोडलेलं, त्यामुळे पोरगी आठवडाभर नीट जेवली नव्हती. आणि वहिनींनी पत्ता काय कळवावा? "दुर्ग स्टेशनवर उतरा, भिलाईत करीम चौकात या, करीमभाऊले विचारा."

पोहे थंड झाले. पोरगी खिडकीशी पदर पिळत उभी. वहिनींचे यजमान मरोद्याला धावले, आमचे हे कोहक्याला. पाहुणे कुठेच नाहीत! मी चिडून म्हटलं, "वहिनी, निदान कोणता करीम ते तरी सांगायचं!"

"तिघंही चांगलेच आहेत ना वो," त्या म्हणाल्या, पण आवाज रडवेला झाला होता.

एवढ्यात फाटकाशी सायकलच्या घंट्या वाजल्या. सायकलवाल्यांनी पाहुण्यांना शिंप्याकडे नेलं होतं, शिंप्याने दूधवाल्यांकडे, आणि आता तिघेही पाहुण्यांना घेऊन हजर. "बहनजी, मेहमान संभालिए!"

मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, "कोण कुठला करीम, काही समजलं नाही बाप्पा. पण जिथं गेलो तिथं तुमच्या पोरीची तारीफच ऐकून राहिलो. आता आम्ही काय विचारणार?"

लग्न झालं. पुढे यजमान रिटायर झाले, कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. रिक्षात बसताना वहिनींनी माझा हात धरला. "बाई, करीमभाऊले सांगजा, मी निघाली म्हणून."

कोणत्या, ते मी विचारलं नाही. तिघांकडे जाऊन आले. येताना दोन्ही चौकांतही जरा उभी राहिले.