सोमवारचा गुप्त करार

जिनीव्हाच्या राजकारणातले तज्ज्ञ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं कोण उभं राहिलं, ते मला ठाऊक आहे. काळा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा, विलायतेहून आलेले बॅरिस्टर. त्यांना आता बसायला सांगा, दमले असतील. आमचे तज्ज्ञ साखर पेठेत सूत रंगवायचे. कमरेला पंचा, वर उघडे, उजवा हात कोपरापर्यंत लाल आणि डावा निळा.

नरसय्यामामा त्यांचं नाव. लाल हात म्हणजे इंग्लंड, निळा म्हणजे फ्रान्स. दोन्ही हात समोरासमोर धरून ते अशी काही बोलणी करायचे की समोरच्याला वाटावं, हा गडी कालच तिकडून आला. जर्मनीचा विषय निघाला की मात्र पाय पुढं करायचे, कारण पाय तेवढे कोरे होते. "लढाई हरली की रंग उडतो बाबा," म्हणायचे.

मामा तेलुगू. मराठी झकास बोलायचे, पण वाचता येत नव्हतं. म्हणून पुण्याचं वर्तमानपत्र संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायचो. मी म्हणजे मॅट्रिकला दोनदा आपटलेला एकोणीस वर्षांचा घोडा. अंगात गुण एकच, नकला. गिरणीचा भोंगा, हेडमास्तरांचा खोकला, मामांचा बसका आवाज, सगळं हुबेहूब. मामा खूश व्हायचे. "घे की माझा आवाज. मला तरी कुटं रोज लागतोय?"

समोर चाँदभाई बसायचे. मोठ्या लढाईत खेचरं घेऊन बसऱ्याला जाऊन आले होते, त्यामुळं सगळं अरबस्तान त्यांच्या वाट्याला. एकदा मी वाचलं, जपान राष्ट्रसंघाच्या सभेतून उठून गेला.

"जाऊ दे," मामा म्हणाले. "रुसलेला पाहुणा आन तापलेलं पातेलं, लगेच हात लावायचा न्हाय."

"जपान छोडो मामू," चाँदभाई म्हणाले. "हमारे साबलोगां उधर एकीच जमीन दो जनां को बोलके रखे थे. इसकू बोले तेरी, उसकू बोले तेरी. दोनों खुश!"

"आन मग?"

"मग क्या! साबलोगां जहाज में बैठे, झगडा उधरीच."

मामा नुसते च्च च्च करत राहिले. माझ्या डोक्यात मात्र ते 'दोनों खुश' जाऊन बसलं.

पेठेत मामांचा शब्द शेवटचा. आमच्या गल्लीत ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून त्याला खळ लावायचे. सकाळी ऊन चढायच्या आत. गल्ली एवढी अरुंद की एका वेळी एकच ताणा मावायचा. कुणाची पाळी कधी, ते मामा ठरवायचे. त्या आठवड्यात राजय्याला सोमवार हवा होता. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिची लुगडी त्याला स्वतःच्या मागावर विणायची होती. पण सोमवारची पाळी शेजारच्या मल्लेशमची, आणि तो हटेना. दोघांचं बोलणं बंद.

मामांनी निरोप धाडला, "रविवारी एकेकटे या. परिषदेच्या आधी एकेकाला वेगळं भेटायचं असतंय."

रविवारी संध्याकाळी मामा आडावर हात घासायला गेले होते. मी आत, गोणपाटाच्या पडद्यामागं पेपर चाळत होतो. बाहेरून मल्लेशमनं हाक मारली, "मामा, आत हाय का?"

काय सांगू, माझ्या तोंडून मामाच निघाले.

"हाय, हाय. रंगाच्या पातेल्यावर हाय, आत येऊ नको. सोमवार तुझा."

"आन राजय्या?"

"त्याला मी बगतो. गुप्त करार हाय ह्यो. बायकोला बी बोलू नको."

तो उड्या मारत गेला. घटकाभरानं राजय्या आला. त्यालाही मी तेच दिलं, वर आणखी, "लेक माझी बी हाय की रे." तो तर पडद्यालाच हात जोडून गेला. मी पोट धरून हसलो. वाटलं, सकाळी दोघं समोरासमोर येतील, तोंडं बघण्यासारखी होतील, संपलं. मामांनी येऊन विचारलं, "कुणी आलतं का?" मी म्हणालो, "छे."

सोमवारी उजाडता उजाडता दोघांनी दोन टोकांकडून ताणे सोडले. मधोमध गाठ पडली. मागं कोण सरणार? दोघांकडं करार! ओढाओढीत ताण्याखालचे लाकडी घोडे कोसळले, राजय्याचं लाल सूत आणि मल्लेशमचं निळं, ओल्या खळीसकट एकमेकांत अडकलं. ऊन आलं की त्या सुताच्या काड्या होणार. राजय्याची लेक दारात उभी राहून रडत होती. मला हसू येईना.

"मामानं सोमवार मला दिला!"

"तुला कसा? मला दिला की!"

मामा आले. दोघांचं ऐकलं. एकदा माझ्याकडं बघितलं. मी कौलावरच्या कावळ्याकडं.

"व्हय," मामा म्हणाले. "दोघांना मीच बोललो. चुकलो."

मग मागून कुणीतरी खिदळलं, "हे आमचे जिनीव्हावाले!" मामांनी तेही ऐकून घेतलं आणि मातीत बसले. "मल्लेशम, तुझा ताणा काप. राजय्याचा सुटंल. तुझं सूत मी नव्यानं रंगवून देतो."

मल्लेशमनं एकदा त्या पोरीकडं बघितलं आणि स्वतःच कात्री आणली. सगळी गल्ली धागे सोडवायला बसली. लुगडी झाली, लग्नही झालं. पण पुढच्या आठवड्यापासून पाळी ठरवायला मामांकडं कुणी फिरकलं नाही. लोक चिठ्ठ्या टाकू लागले.

माझी हजेरी मामांनी त्याच दुपारी घेतली. पडदा ओढून घेतला आणि दोन्ही हात, इंग्लंड आणि फ्रान्स, एकदम माझ्या कानांवर.

"ओरेय गाढवा! आवाज घेतलास, घे. पण पोरगी रडत होती तवा कुटं ठेवला होतास रे तो? कावळे मोजत होतास! 'मी बोललो' हे वाक्य तुझं होतं. तुझ्या जागी हुबं राहून ते मला बोलावं लागलं. साठ वर्सांत मी कुणाची नक्कल केली नव्हती. पहिली केली ती बी तुझी, आन एवढ्या गल्लीत एकाला बी वळखू आली न्हाय!"