इटलीहून आणलेल्या पोदेराची फाइल

पगारपत्रकं करणाऱ्यांकडे किस्से साठतात ते फायलींमुळे. कागद सरकारकडे जातात, किस्से आमच्याकडे उरतात! डिचोलीच्या आमच्या ऑफिसात तर अर्धे किस्से एकाच फाइलमधले आहेत. ती मार्कोची.

खाणी जोरात होत्या तेव्हा आमचे बॉस नायकबाब ट्रक ड्रायव्हरांचे पगार करायचे. खाणी थंडावल्यावर त्यांनी पाटीवर 'इंटरनॅशनल' हा शब्द वाढवला आणि कोरगावच्या एका रिसॉर्टचं काम मिळवलं. रिसॉर्टने पाव भाजायला इटलीहून माणूस आणला होता, तोच हा मार्को. गोव्यात! जिथे सत्तरी ओलांडलेला आंतोन पोदेर आजही सकाळ-संध्याकाळ सायकलचा हॉर्न वाजवत दारात पाव आणून देतो, तिथे!

*

आमचं सॉफ्टवेअर खाणीच्या काळातलं. गाडीचा नंबर टाकल्याशिवाय पगाराची स्लिप निघतच नाही. नायकबाब म्हणाले, "घाल गो तेच्या स्कूटरचो नंबर!"

घातला. स्लिप निघाली. 'पद: बेकर. वाहन: स्कूटर. खेपा: शून्य.'

मार्कोचा घाबऱ्या आवाजात फोन आला, "मॅडम, शून्य म्हणजे मी नापास?"

*

परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा हवा, तर पगार सरकारने ठरवलेल्या रकमेच्या वरच लागतो. त्यामुळे मार्कोचा पगार रिसॉर्टच्या मॅनेजरपेक्षा मोठा झाला. त्या कागदावर सही मॅनेजरचीच हवी! बिचाऱ्यांनी आकडा दोनदा वाचला.

"आमकां कोण इटलीक व्हरतलो काय?" आपल्याला कुणी इटलीला नेईल का, एवढंच त्यांनी विचारलं. सही केली, पण जाताना आमचं पेन घेऊन गेले.

*

मग पीएफ. मार्कोच्या देशाशी आपला पीएफबाबत करार नाही, म्हणून त्याला पीएफ अठ्ठावन्न वर्षांचा झाल्यावरच मिळणार. तो एकोणतीसचा. मी हे त्याच्या खोलीवर समजावून सांगत होते, तेव्हा घरमालकीण सुशीलाकाकी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"म्हणजे इतलीं वर्सां हांगाच रावतलो?" काकी खूश. "मागीर पुता, पयलीं खोलयेक रंग काड!"

पुढच्या रविवारी मार्को खरंच भिंत रंगवत होता.

*

चवथीला त्याचा पाच दिवसांच्या रजेचा अर्ज आला. कारण: 'घरचा गणपती'. काकींनी सांगितलं होतं म्हणे, गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायला घरातलं माणूस हवं. परदेशी माणसाला ही रजा लागू होते का, हे मी नियमांत शोधलं. सापडलं नाही. मॅनेजरना फोन केला. ते आपल्या घरच्या गणपतीला. मालकांना केला. तेही. शेवटी नायकबाबांना विचारायला वळले, तर खुर्ची रिकामी!

*

वर्ष संपत आलं आणि व्हिसा वाढवायची वेळ आली. जे काम इथल्या माणसाला जमतं, त्यासाठी परदेशी माणूस ठेवता येत नाही. तपासायला दिल्लीहून बदलून आलेले साहेब कोरगावला येणार होते. त्यांना पटलं नाही तर मार्को परत इटलीला. काकी देवळात नारळ ठेवून आल्या. मलाही मनापासून वाटत होतं, हा पोरगा राहावा.

नेमकी त्या दिवशी पहाटेपासून वीज नाही! मार्कोची विजेची भट्टी थंडगार. साहेब थेट रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात शिरले, मागोमाग फाइल घेऊन नायकबाब आणि मी. टेबलावर मार्कोचा नाश्ता होता, आदल्या संध्याकाळी आंतोनकडून घेतलेली कोंड्याची पोई, म्हणजे इथला गोल पाव. साहेबांनी न विचारताच तुकडा मोडला. मग दुसरा. मार्को काही बोलायला गेला, तर नायकबाबांनी त्याचा पाय दाबला.

"वाह! ये यहाँ के लोगों के बस की बात नहीं," साहेब म्हणाले आणि फाइलवर तसंच लिहू लागले.

तेवढ्यात बाहेर पों-पों झालं. आंतोन टोपली घेऊन सरळ आत. "मार्कोबाब, आज कितल्यो पोयो दिवूं?"

साहेबांचं पेन थांबलं. "ये कौन है?"

नायकबाब जागचे हलले नाहीत. "ट्रेनी है, सर!"

साहेबांनी आंतोनच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, उरलेल्या पोईकडे पाहिलं आणि सही केली. खाली एक ओळ मात्र वाढवली: ट्रेनीचं नाव पगारपत्रकावर दिसलं पाहिजे.

आता दर महिन्याला आमच्या सॉफ्टवेअरमधून आणखी एक स्लिप निघते. 'पद: ट्रेनी. वाहन: सायकल. खेपा: साठ.'