खिडकीपाशचं टेबल

ऑफिस जपानी कंपनीचं, म्हणून या वयात जपानीच्या सर्वांत वरच्या परीक्षेला बसते आहे. या आठवड्याचे शब्द सत्ता गेलेल्यांचे. ‘शिक्क्याकु’ म्हणजे पदावरून पडणं, ‘सासेन’ म्हणजे खालच्या जागी बदली. तेवढे पाठ झाले. मग ‘मादोगिवाझोकु’ आला. क्लासमधल्या आमच्या बाई म्हणाल्या, “नकोशा माणसाला तिकडे कामावरून काढत नाहीत. खिडकीपाशी टेबल देतात, पगार देतात. काम देत नाहीत.”

“बाई, अर्ज कुठे करायचा?” मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले, मीही हसले.

सोमवारी ऑफिसात गेले, तर शिपाई माझं टेबल ओढत होता. “मॅडम, साहेबांनी तुम्हाला खिडकीपाशी बसवायला सांगितलंय. उजेड छान येतो.” त्याने पुसून एक कुंडीही ठेवली.

पडताना आवाज होतो, अशी माझी समजूत होती. इथे सगळे नेहमीसारखेच हसून बोलत होते, आणि त्याचीच भीती वाटत होती. उजेड खरंच छान होता. दुपारपर्यंत माझा फोन वाजला नाही. शेवटी मी रिसीव्हर कानाला लावून पाहिला.

फोन चालू होता.