लोहावर पेलाभर दूध

आमची मुलगी सहा वर्षांची असताना बंगळुरात राजाजीनगरच्या आमच्या भाड्याच्या घरात झोप या विषयावर कुणी बोलायचं नाही, असा एक मूक करार होता. उपाशी माणसापुढे श्रीखंडाचं नाव कशाला काढा?

तिला ऑटिझम आहे हे आम्हाला आधीच कळलं होतं. शब्द मोजके, आवडीनिवडी मात्र संस्थानिकाच्या. जेवण पांढरंच हवं: दहीभात, इडली, दूध. चटणीचा ठिपका दिसला की ताटली परत! आणि अंथरुणाला पाठ टेकली की पाय सायकल मारू लागायचे. ‘पोरगी रोज शहराच्या पार टोकाला, येलहंक्याला जाऊन येते,’ असं मी ऑफिसात साभिनय सांगायचो. लोक हसायचे. बायको हसायची नाही, कारण लाथा तिला बसायच्या.

मग एकदा शाळेच्या बाई म्हणाल्या, “वर्गात एक तर पेंगते, नाही तर किंचाळते. असंच चाललं तर तिला इथे ठेवणं अवघड आहे.” त्या दिवसापासून माझी सायकलची गोष्ट बंद झाली. ती शाळा आम्हाला कशी मिळाली होती, ते आमचं आम्हाला ठाऊक.

मुलांच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून रक्त तपासायला लावलं. शरीरातला लोहाचा साठा अगदी तळाला गेलेला. “इतकं निवडून खाणाऱ्या मुलांमध्ये असं दिसतं,” त्या म्हणाल्या. “लोह कमी असलं की पाय असे अस्वस्थ होऊ शकतात, झोप मोडते. यानं ऑटिझम जाणार नाही हं. पण झोप सुधारते का पाहू. स्वल्प धीर धरा.” त्यांनी लोहाचं पातळ औषध दिलं आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला यायला सांगितलं.

आता औषध म्हटलं की आमच्या घरात सूत्रं सासूबाईंच्या हाती. त्या निपाणीच्या. हळद दुधातून, सुंठ दुधातून, जायफळ दुधातून, हा त्यांचा धर्म. “नुसतं औषध देत्यात व्हय जावईबापू? पोटात आग पडंल की पोरीच्या!” म्हणून औषधाचा चमचा तोंडात गेला रे गेला, की वर पेलाभर गरम दूध. मुलगीही खूश. दूध दिसलं की तोंड आपोआप उघडायचं. आम्ही स्वतःवर बेहद्द प्रसन्न होतो.

पुन्हा रक्त तपासलं. साठा होता तिथेच. पायांची सायकलही तशीच.

“औषध देताय ना?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“न चुकता!” सासूबाई ताठ बसल्या. “आणि वर पेलाभर दूध!”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “अज्जी, दूध लोहाला अंगात नीट शिरू देत नाही. दोघांना लांब लांब ठेवा. बरोबर काही द्यायचंच तर लिंबाचं द्या.”

परतताना रिक्षात नवरंग चौकाच्या सिग्नलला सासूबाई एकदम म्हणाल्या, “दुधानं कुणाचं काय वाईट केलंय?” जणू घरातल्याच कुणाला पोलिसांनी उचललं होतं.

खरी पंचाईत पुढेच होती. दुधाशिवाय मुलगी तोंड उघडेना. पहिल्या दिवशीचा चमचा तिनं माझ्या सदऱ्यावर फुर्रकन उडवला. तो गंजाचा डाग मी आठवडाभर पदकासारखा मिरवला.

तेवढ्यात रामनवमी आली. शेजारच्या अक्का पानक घेऊन आल्या, लिंबू, गूळ आणि वेलदोड्याचं. गूळ विरघळावा म्हणून त्या ते एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत होत्या. आमची लेक त्या तपकिरी पदार्थाला हात लावणार नाही, हे मी सांगणार, तोच पाहिलं: ती त्या धारेखाली जाऊन उभी होती, डोळे विस्फारून.

धार! एवढंच हवं होतं मला. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढलो, खांद्यावर टॉवेल टाकला आणि दरबारी आवाजात ललकारलो, “महाराणींचं पानक येत आहे हो!” वरून धार, खाली पातेलं, अर्धी फरशी चिकट.

“जावई म्हणायचं का सर्कस?” सासूबाई म्हणाल्या. पण फरशी पुसायला त्याच बसल्या.

आधी मुलीनं नुसतं पाहिलं. मग स्वतः ओतलं. मग बोट चाटलं. काही दिवसांनी ठरून गेलं: आधी चमचा, मग धार, मग घोटभर पानक. दुधाची वेळ संध्याकाळी, सन्मानानं वेगळी. आज ती आईच्या खांद्याला लागली आहे, पण त्या चिकट फरशीवरून चालताना येणारा चटचट आवाज आठवला की मला अजून गुदगुल्या होतात.

पाय एका झटक्यात थांबले नाहीत. सायकल हळूहळू मंदावत गेली. आणि एका सकाळी कुकरची शिट्टी झाली, पेपर आला, शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवू लागली, तरी खोलीत हालचाल नाही. मी उठवायला निघालो, तर बायकोनं माझा दंड धरला. आम्ही दारातून डोकावलो. मुलगी पालथी, तोंड उघडं, पाय स्वस्थ. चादर जिथल्या तिथे.

व्हॅन कंटाळून निघून गेली. थोड्या वेळानं शाळेच्या बाईंचा फोन आला. मुलगी का आली नाही? बरं नाही का तिला?

बायकोनं पदर सावरला, घसा साफ केला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “छान आहे. झोपलीय!”