पूजेला मांडलेले पोकलेन

बिरुदेवने स्वतः बनवलेले छोटे पोकलेन मी माझ्या जेवणाच्या टेबलावर माती उकरताना पाहिले आहे, म्हणून त्याच्याविषयी लिहिण्याचा मला थोडाफार हक्क आहे असे मी मानते. आणि ते ज्याने उचलून नेले तो माझ्या यजमानांचा सख्खा पुतण्या, म्हणून हे लिहिणे मला टाळताही येत नाही.

बिरुदेव मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, बाहेर मराठी. त्याची शाळा सुटली ती मेंढरांमुळे, आणि मेंढरे सुटली ती गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर पोकलेन आले तेव्हा. आधी मशीन पुसणारा आणि ग्रीस भरणारा पोऱ्या, मग हाताखालचा, मग ऑपरेटर. उजनीच्या फुगवट्याच्या काठाने गावोगाव त्याने केळीच्या बागांसाठी पाइपलाइनचे चर खणले, विहिरी पाडल्या, शेततळी काढली. हे सगळे त्याने मला जिन्यात बसून सांगितले. तो आमच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो.

"बाई, बकेटीनं अंडं उचलून ठिवायचो. फुटायचं न्हाय."

"अंडं उचलून दावलं आन् खाल्लं मुकादमानं," आतून जगदेवी, त्याची बायको, म्हणाली. "तुमास्नी टरफल तरी दिलं का?"

पुढे एका साइटवर मशीनच्या चिखलाने माखलेल्या पट्ट्यावरून खाली उतरताना त्याचा पाय घसरला आणि घोट्याच्या वर हाड मोडले. आत सळई घातली. चालता येऊ लागले, पण पेडलवर जोर येईना. मशीनच्या मालकाने बरा होईपर्यंत म्हणून दुसरा माणूस बसवला आणि तोच कायमचा झाला. तेव्हा मी मुकुंदकडे शब्द टाकला.

मुकुंद माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा. आई लवकर गेल्यामुळे शाळेची सगळी वर्षे तो आमच्याकडे होता. इंग्रजी वाचायला त्याला मी शिकवले, गोवर निघाला तेव्हा त्याच्या उशाशी मी बसले. आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. माझ्या एका फोनवर त्याने बिरुदेवला फाटकावर पहारेकरी म्हणून ठेवून घेतले. मागच्या शेडमध्ये भंगार मागांचे सांगाडे पडलेले होते, तिथला एक कोपराही त्याला वापरायला दिला. हे त्याचे चांगले वागणे होते आणि ते मी लपवणार नाही.

कोपरा लागला त्याचे कारण गुरुशांत साहेब. शहराबाहेर तरुणांना पोकलेन चालवायला शिकवणारी एक खासगी संस्था निघत होती आणि हे गृहस्थ तिचे व्यवस्थापक. शिकवणारा माणूस हवा आहे असे कळल्यावर बिरुदेव त्यांना भेटून आला. साहेब म्हणाले, "पाय अधू असला तरी चालेल, शिकवणाऱ्याला तोंड पाहिजे. पण तुमच्याकडे कागद नाही. शिकवून दाखवा, मग बघू."

"मशीन कुटंय तुमचं?"

"दिवाळीनंतर येतंय."

"मग मी माजं आणतो," असे हा बोलून आला.

घरी येऊन त्याने जगदेवीला ते सांगितले तेव्हा ती कणीक मळत होती. "माजं म्हंजे कुनाचं?" तिने विचारले. कामाला त्याने दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली.

मला यंत्रांतले फारसे कळत नाही. जे पाहिले ते लिहिते. पट्टे सायकलच्या चेनचे. वरचा भाग गरकन फिरावा म्हणून खाली जुन्या पंख्याचे बेअरिंग. बकेट गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली, तिला दात खिळ्यांचे. खऱ्या मशीनचा हात तेलाच्या दाबाने उचलतो, तिथे याने इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंज बसवल्या होत्या. एक दाबली की नळीतून दुसरी वर येते. दाबायचे काम खेळण्यांतून काढलेल्या लहान मोटारी करत. रिमोटवर त्याने बटणे मुद्दाम ठेवली नाहीत. खऱ्या केबिनमध्ये असतात तसे दोन दांडे बसवले. डाव्या दांड्याने मशीन फिरवायचे आणि पुढचा हात लांबवायचा, उजव्याने बूम, म्हणजे मागचा मोठा हात, उचलायची आणि बकेट वळवायची. पोराने आधी हे हातात घ्यावे, दोन्ही हात एकमेकांशी बोलायला लागले की मग केबिनमध्ये चढावे, ही त्याची कल्पना. शिकवायची गोष्ट हीच, असे तो म्हणे.

सिरिंजमध्ये आधी त्याने पाणी भरले. हवेचा बुडबुडा राहिला की हात म्हाताऱ्यासारखा थरथरे. मग जगदेवीची खोबरेलाची बाटली रिकामी केली. काम अगदी लोण्यासारखे चालले, पण एका रात्री पावसाळी गारठा पडला आणि सकाळी पोकलेन जागचे हलेना. खोबरेल गोठले होते.

"उनात नेऊन ठिवा," जगदेवी म्हणाली. "आंग शेकलं की उटंल. माज्या केसाचं तेल प्यायलंय, मिजास तर करनारच की!"

शेवटी औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळून त्याचे जमले. नवरात्राच्या आधी त्याने ते माझ्याकडे वर आणले, टेबलावर वर्तमानपत्र पसरले, तुळशीच्या कुंडीतली माती ओतली आणि रिमोट माझ्या हातात दिला. मी उजवा दांडा ओढला तर बकेट टेबलाच्या कडेवर आपटली. तो ओरडला नाही. माझ्या मनगटाखाली दोन बोटे धरून नुसते म्हणत राहिला, "निधान, बाई, निधान." कानडीत निधान म्हणजे हळू. थोड्या वेळाने मी पिवळट पत्र्याच्या त्या इवल्या बकेटीने माती उचलून बशीत टाकली. या वयात मला एवढा आनंद कशाने झाला ते सांगता येणार नाही. हा माणूस शिकवू शकतो, एवढे मात्र मला पक्के कळले.

साहेबांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावले होते. आणखी दोघांना बोलावले होते, त्यांच्याकडे प्रमाणपत्रे होती.

आता चूक कुठे झाली ते. तिला चूक म्हणावे की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही. बिरुदेव ते मशीन रोज संध्याकाळी पोत्यात गुंडाळून घरी आणत असे. शेडमध्ये तो ते कधीच ठेवत नसे, भंगारवाले येत-जात म्हणून. पण खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. माग थांबतात, धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, गंध लावतात, नारळ फोडतात. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसरा पार पडेपर्यंत कोणी हात लावत नाही. कात्रीसुद्धा पाटावरून उचलत नाहीत. मुकुंद त्याला म्हणाला, "तुझं पोकलेन इथंच जन्मलं, माझ्या मागांच्या रांगेत बसव." बिरुदेवला हा मान वाटला. त्याने ते पाटावर ठेवले, बकेटीला हळदीकुंकू वाहिले आणि तसाच घरी आला. रिमोट मात्र जगदेवीने आपल्या देव्हाऱ्यात ठेवला होता, घरातही काहीतरी पूजेला हवे म्हणून.

"तितं राहू दिलं व्हय?" तिने विचारले.

"पूजेला बसलेलं कोन उचलतं, येडे?"

दसऱ्याच्या संध्याकाळी मुकुंद नेहमीप्रमाणे मला सोने द्यायला आला. आपट्याची पाने माझ्या हातात ठेवून वाकून पाया पडला. चहा घेतला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग जिना उतरताना तळमजल्याच्या दाराशी थांबला. मी त्याच्या मागेच होते, बिरुदेवच्या घरी पाने द्यायला निघाले होते.

"बिरुदेव, तो रिमोट दे रे जरा."

बिरुदेव हसत उठला. "कशाला मालक? उद्या सकाळी मी येतोच की मशीन न्यायला."

मुकुंदने रुमालाने मान पुसली. "मशीन तिथं नाही. दिलं ते." त्याने शहरातल्या एका मोठ्या बांधकाम ठेकेदाराचे नाव घेतले. "त्यांच्या नातवाला. सकाळी सोनं द्यायला गेलो होतो, रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यांच्या हॉटेलांना टॉवेल लागतात. पोरगं जाम खूश झालं. पण रिमोट नाही म्हणून आता रडतंय."

जगदेवी देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली, जणू तो रिमोट कोणी ओढून घेणार होते.

"पूजेला मांडलं हुतं मालक," बिरुदेव म्हणाला.

"अरे, हळदीकुंकू वाहून, नमस्कार करून उचललं. तसंच नाही उचललं."

"मला इचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"न्हाय."

"मग?"

हे 'मग' मुकुंद इतक्या सहज म्हणाला की मला आधी वाटले, माझीच ऐकण्यात काही चूक झाली. मी म्हणाले, "मुकुंद, उद्या त्याची निवड आहे. तुला ठाऊक होते. आत्ता जा आणि मशीन परत आण."

"काकू, दसऱ्याचं दिलेलं सोनं कोणी परत मागतं का? माझं नाक राहील का तिथं? आणि खेळणंच तर आहे. हा दुसरं करील, बोटांत कला आहे त्याच्या. सामान मी देतो."

"उद्या सकाळपातूर व्हईल का ओ दुसरं?" जगदेवी म्हणाली. "तुमच्या घरात देवाम्होरचं उचलत्यात, आमाला म्हाईत नव्हतं. म्हाईत असतं तर देवबी कुलपात ठिवला असता."

"वहिनी, तोंड सांभाळून."

"सांबाळलंय म्हनून एवढंच बोलले."

बिरुदेवने मध्येच विचारले, "रिमोट न्हाय, मग पोरानं खेळलं कसं?"

मुकुंद म्हणाला, "ओढलं हातानं. बूम धरून."

"पानी सांडलं का खाली? नळीतलं?"

"थोडं सांडलं. फरशी पुसून घेतली त्यांनी."

नळ्या सुटल्या म्हणजे मशीनचा हात निकामी झाला, एवढे मलाही कळले. बिरुदेव खाली बसला. अधू पाय त्याला दुमडता येत नाही, तो समोर लांब राहिला. मग जगदेवीकडे न बघता त्याने हात पुढे केला. ती देईना. "दे," तो म्हणाला. "हितं राहून काय करायचंय त्याचं?" तिने रिमोट मुकुंदच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. मुकुंदने वाकून तो उचलला. माझ्याकडे न पाहता गाडीत बसून तो गेला. माझ्या हातातली पाने मी त्यांच्या दारात कोणाला द्यायची, हे मला कळेना. ती तशीच घेऊन मी वर आले.

दुसऱ्या दिवशी बिरुदेव इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मी स्वतः गुरुशांत साहेबांना फोन केला होता आणि खरे काय ते सांगितले होते. ते सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, मी समजू शकतो. येऊ द्या त्यांना." तिथे काय झाले ते बिरुदेवने मला नंतर सांगितले. समोर दहा-बारा पोरे बसवली होती. याने दोन काठ्या हातात धरल्या आणि हवेत दांडे चालवून दाखवू लागला. डावा असा, उजवा असा. पहिल्या बाकावरचे एक पोर फसकन हसले, मग मागची हसली. साहेबांनी त्यांना दटावले, पण घड्याळाकडेही पाहिले. दुसऱ्या उमेदवाराने फळ्यावर खडूने आकृती काढली. नेमणूक त्याची झाली.

मुकुंदला मी त्यानंतर घरी येऊ दिलेले नाही. त्याने दोनदा फोन केला. एकदा म्हणाला, "काकू, एका खेळण्यापायी तुम्ही रक्ताचं नातं तोडणार?" मी फोन ठेवून दिला. ज्याला मी अक्षरे शिकवली, त्याला पूजेच्या पाटावरून वस्तू उचलताना काहीच वाटले नाही, आणि वाटले नाही हे त्याने माझ्यापासून लपवलेही नाही. त्यातले अधिक काय लागले ते मला सांगता येत नाही. मला वाटले होते की मी त्याला ओळखते.

बिरुदेवने कारखान्याचे फाटक सोडले. आता तो एका मंगल कार्यालयात गाड्या लावून घेण्याचे काम करतो. येणाऱ्या गाड्यांना हाताने खुणा करतो, मागे घ्या, डावीकडे घ्या. जगदेवी म्हणते लग्नसराईत जेवण चांगले मिळते, पण ती ते हसून म्हणत नाही.

परवा तो घरभाडे द्यायला वर आला. मी त्याला खुर्ची दिली आणि विचारले, "बिरुदेव, दुसरे पोकलेन करणार ना? संस्थेची पुढची तुकडी निघेल, तेव्हा पुन्हा माणूस लागेल."

"करीन की बाई. हात हाइत अजून." त्याने बोटे पसरून पाहिली. "पण ठिवू कुटं?"

"इथे ठेव. ह्यांची अभ्यासाची खोली रिकामीच आहे. किल्ली तुझ्याकडे ठेव. मी आत पाऊलसुद्धा टाकणार नाही."

त्याने मान खाली घातली. मला वाटले तो हो म्हणेल. पण माझ्याशी तो कधी खोटे बोललेला नव्हता, आणि त्या संध्याकाळीही तो माझ्याशी खोटे बोलला नाही.

"राग मानू नगा बाई," तो म्हणाला. "तुमीबी त्यांच्याच घरच्या की."

मग जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर आधी अधू पाय टेकवत, तो खाली गेला.